तेवीस नंबर, परतूर

नांदेड सुटलं की मी पाकिटं वाटतो.
खाकी कागदात दोन चादरी, उशीचा अभ्रा, एक नॅपकिन.
मोजून घ्या, मी म्हणतो, उतरताना मोजून द्या.
कुणी मोजत नाही.
हरवलं की गुत्तेदार माझ्या पगारातून मोजतो.

छेचाळीस बर्थ, छेचाळीस हवामानं.
सात नंबरला उकडतं, नऊ नंबर गारठून मरतो,
आणि दोघंही माझ्याकडंच बघतात,
जसा काही एसी मी खिशात घालून हिंडतोय.
एक गुरुजी मोबाईलवर भाषण ऐकतात,
सगळ्या डब्यासाठी.
सर, जरा हळू.
तू तुझं काम कर, ते म्हणतात.
हेच माझं काम, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?

मिरखेल येतं. माझं गाव.
गाडी थांबत नाही.
दाराच्या काचेला नाक लावलं
तर पाण्याच्या टाकीवरचा दिवा दिसतो,
नाही दिसला तरी तो आहे असं धरून चालतो.

कामांची यादी डेपोत भिंतीला चिकटवलीय.
अभ्रे, साबण, संडासातलं पाणी, रात्री दाराला कडी.
त्या यादीत उठवणं नाही.
पण लोक सांगतात, केरबा, अमुक ठेसनाला उठव,
आणि मी हो म्हणून बसतो.
मागं सेलूचा एक माणूस माझ्या एका डुलकीपायी
जालन्याला उतरला.
ओरडला असता तर बरं झालं असतं.
बाकड्यावर बसून बुटाची नाडी बांधत राहिला,
गाडी हलली तरी बांधतच होता.

तेव्हापासून मी रिकाम्या पाकिटावर लिहून ठेवतो.
आज लिहिलंय : २३, परतूर.

साईड लोअर. सिकंदराबादेपासून ताठ बसलेली बाई.
मला झोप लागायची नाही, म्हणाली,
पण लागलीच, तर उठवा.
बर्थखाली तिच्या चपला :
एक निळी, एक तपकिरी.
मी झाडू मारताना त्या सरळ करून ठेवल्या,
जोड असल्यासारख्या.

परभणी गेल्यावर तिची मान कलली.
नॅपकिन तोंडाशी धरलेला, मूठ मिटलेली.
सेलू गेलं. आता उठवायला हवं होतं.
सातोना आलं, म्हटलं सातोना जाऊ दे.
रूळ खडखडले, कुणाचं तरी पोर रडून गप झालं,
मी पाकीट हातात घेऊन तिथंच उभा.
झोपली आहे तोवर
तिच्या घरी काहीच झालेलं नाही.
हे माझ्या मनानं ठरवलं, घड्याळानं नाही.

उस्मानपूरला मात्र भ्यालो.
बाईमाणसाला हात लावून उठवायचं नसतं.
बर्थच्या लोखंडावर बोटाच्या पेरानं
टक. टक.
ताई, परतूर.
डोळे उघडले आणि क्षणभर ती
कुणाचीच कुणी नव्हती.
मग सगळं आठवलं तिला. मी तोंड फिरवलं.

चादरींची घडी करत बसली वेडी.
राहू द्या, मी करतो.
नाही, म्हणाली, मोजून द्यायच्या ना?
एवढ्या डब्यात एकटीनं ऐकलं होतं.

फलाटावर दोन बाप्ये, टोप्या हातात.
ती पायरी उतरली. मुठीत नॅपकिन तसाच.
मी मागू शकलो असतो.
कोण रे दार उघडं टाकतोय, नऊ नंबर ओरडला.
मी कडी लावली.

सकाळी मोजदाद.
चादरी ब्याण्णव, अभ्रे छेचाळीस, नॅपकिन पंचेचाळीस.
कोणता बर्थ? गुत्तेदारानं विचारलं.
खिडकीतून उडाला, मी म्हणालो.

एसी डब्याची खिडकी उघडत नाही.
हे त्यालाही ठाऊक.
त्यानं पेन उचललं,
माझ्याकडं पाहिलं,
आणि पैसे कापलेच.